बर्लिनला जाताय? मग ‘अश्रूंचा महाल’ बघाच

बर्लिनला जाणारे आपले लोक चेकपॉइंट चार्लीला, म्हणजे शहर भिंतीने दुभागलेलं असतानाच्या पूर्व-पश्चिम सीमेवरच्या नाक्याला, हमखास जातात. जावं, फोटो काढावा. पण तिथली चौकी नक्कल आहे (खरी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संग्रहालयात ठेवलीय). सीमा कशी चालवली जाते हे बघायचं असेल तर फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाशेजारच्या ‘ट्रेनेनपालास्ट’मध्ये जा. तिकीट नाही.

पूर्व बर्लिनमधून पश्चिमेकडे निघालेल्यांच्या तपासणीसाठी 1962 मध्ये बांधलेली ही काचेची इमारत. सोडायला आलेल्यांना दारातच निरोप घ्यावा लागे, म्हणून लोकांनीच तिला अश्रूंचा महाल म्हणायला सुरुवात केली.

आत पासपोर्ट तपासणीची मूळ केबिन आहे. एक माणूस जेमतेम मावेल अशी अरुंद बोळ, वर भगभगीत ट्यूब आणि तुमची पाठही दिसावी म्हणून लावलेला आरसा. खिडकीतल्या माणसाचा गणवेश सीमादलाचा, पण पगार श्टाझीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा. 1964 पासून पेन्शनरांना पश्चिमेतल्या नातेवाइकांकडे जायची मुभा मिळाली. म्हातारे तिकडेच राहिले तर पेन्शन तेवढीच वाचली! बर्लिनच्या भिंतीपाशी किमान 140 माणसं मारली गेली, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बर्लिनच्या तपासणी नाक्यांवर, तपासणी चालू असताना किंवा ती संपल्यावर, किमान 251 प्रवासी दगावले, बरेचसे हार्ट अटॅकने. गोळी न झाडता.

म्हणून मला बोगद्यांच्या आणि फुग्यातून पळालेल्यांच्या गोष्टींपेक्षा ही केबिन जास्त खरी वाटते. पळणारे थोडे होते, रांगेत उभे राहणारे लाखो. आपण शेंजेन व्हिसासाठी बँक स्टेटमेंट आणि रजेचं पत्र घेऊन बसतो, त्याची याच्याशी तुलना नको. पूर्व जर्मनीची ती राजवट स्वतःच्याच माणसांना कोंडून ठेवत होती. तरी खिडकीपुढे आवाज मऊ होतो तो होतोच.

भिंत उघडली त्या 9 नोव्हेंबर 1989 च्या रात्रीही सुरुवात शिक्क्यानेच झाली. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना आधी सोडा आणि त्यांच्या फोटोवरच शिक्का मारा, असा वरून हुकूम होता. तसा शिक्का पडला की परत प्रवेश नाही, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. एक तरुण जोडपं पलीकडे डोकावून लगेच परतलं, मुलं घरी होती. त्यांना अडवलं. तिथला अधिकारी हाराल्ड येगर याने हुकूम बाजूला ठेवून त्यांना आत घेतलं, आणि साडेअकराच्या सुमारास सगळ्यांसाठीच फाटक उघडलं. वरून लेखी आदेश आलाच नव्हता.