अग्निशमनचा सूट घातला म्हणजे आगीत शिरता येतं?

‘सूटला आग लागत नाही, तरी जिनिंगमधला कापूस जळताना हे लोक बाहेरूनच पाणी मारतात’ असा मेसेज जालना-परभणीकडे फिरतोय. अर्धवट माहिती आहे. वरचं नोमेक्ससारखं अरामिड, म्हणजे उष्णतेला टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याचं कापड वितळत नाही, ठिबकत नाही. साधारण ३७० अंशांपुढे काळं पडून फुगतं. पण माणूस वाचतो तो आतल्या अस्तरात कोंडलेल्या हवेमुळे, गोधडीत असते तशी. ती उष्णता अडवत नाही, फक्त उशीर करते. खोली एकदम भडकली तर अमेरिकी मानकाची किमान अपेक्षा, फोड येण्याआधी जेमतेम १७ सेकंद! शिवाय मे महिन्यात आपल्याकडे ४२ अंशांत तो सूट घालून नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा. ‘सूट भिजवून आत जा’ हे तर ऐकूच नका. ओल्या अस्तरातून उष्णता लवकर पोचते, वाफेनेही भाजतं.