हेगचं वॉरंट आणि वरणगावची पुंगळी

४ डिसेंबर २०२५ला पुतिन दिल्लीत उतरले, पंतप्रधान स्वतः विमानतळावर गेले आणि आमच्या भुसावळ-वरणगावच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर माझी हजेरी घेणं सुरू झालं. पुतिन यांच्या नावानं हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अटक वॉरंट आहे. ‘तुमच्या हेगवाल्यांनी वॉरंट काढलंय ना? मग धरा की!’ मी इथं नेदरलँड्समध्ये पंपांच्या कंपनीत नोकरीला आहे, पण गावाच्या लेखी हेगचं कोर्ट म्हणजे माझ्या घरचंच.

खान्देशात हेगचं नाव पोचलं ते कुलभूषण जाधवांच्या खटल्यानं. हरीश साळवे एक रुपया फी घेऊन लढले, २०१९ मध्ये निकाल आपल्या बाजूनं लागला, हे तिकडे सगळ्यांना पाठ आहे. पण ते कोर्ट वेगळं, हेगच्याच पीस पॅलेसमधलं आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथं देश विरुद्ध देश भांडतात. माणसाला पिंजऱ्यात उभं करणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं, हेगच्या कडेला, समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांपाशी. त्याची कोठडी शेवेनिंगनच्या तुरुंगात आहे, जिथं नाझींनी डच प्रतिकारकांना डांबलं होतं.

आणि गंमत अशी, की त्या वॉरंटमध्ये युद्ध सुरू केल्याचा आरोपच नाही. १७ मार्च २०२३चं ते वॉरंट युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याबद्दल आहे. कागदावर आक्रमणाचा गुन्हा आहे. २०१० मध्ये कंपालात त्याची व्याख्या ठरली, १७ जुलै २०१८पासून न्यायालयाला अधिकार मिळाला. पण जो देश या न्यायालयाचा सदस्य नाही त्याच्या नेत्याला या गुन्ह्यासाठी धरायचं, तर प्रकरण सुरक्षा परिषदेनं पाठवायला हवं, आणि तिथं रशिया, अमेरिका, चीन नकाराधिकार घेऊन बसलेत. एवढा मोठा दरवाजा ठेवल्यावर त्याला पळवाट तरी कोण म्हणेल! सदस्य आपणही नाही. १९९८ मध्ये हे न्यायालय स्थापण्याच्या करारावर रोमला मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला. त्यामुळे दिल्लीत बेड्या घालायचं बंधन आपल्यावर नव्हतंच. युक्रेननं कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेसोबत २५ जून २०२५ला वेगळ्या न्यायाधिकरणाचा करार केला, पण त्यातही राष्ट्रप्रमुख खुर्चीवर असेपर्यंत त्यांना हात लागत नाही.

आमचे नाना वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाले. ते ग्रुपवर लिहीत नाहीत, थेट फोन करतात. ‘पुतिनले धरा म्हनता, मंग बुशले कोनं धरलं? ब्लेअरले?’

म्हणजे इराक युद्ध छेडणारे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि ब्रिटनचे पंतप्रधान. असा सवाल एका भारतीय न्यायाधीशानं आधीच करून ठेवलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. पण हल्ल्याचं युद्ध हा तेव्हाच्या कायद्यानं व्यक्तीचा गुन्हा नव्हता, आणि जिंकणाऱ्यानं मागाहून कायदा करून हरलेल्याला फासावर द्यावं, हे त्यांना मान्य नव्हतं. तारखा पाहिल्या की त्यांचा राग कळतो. टोकियोत सात जणांना फाशी झाली २३ डिसेंबर १९४८ला. चारच दिवस आधी, १९ डिसेंबरला, त्याच खटल्यात न्यायाधीश पाठवणाऱ्या नेदरलँड्सनं इंडोनेशियातल्या योग्याकार्तावर हल्ला करून सुकार्नोंना पकडलं होतं. डच पंतप्रधानांनी त्या काळातल्या टोकाच्या हिंसेबद्दल माफी मागितली ती २०२२ मध्ये. त्या वेळच्या मंत्र्यांपैकी कुणी कोर्टाची पायरी चढला नाही.

एवढं सगळं मान्य करूनही मग पुतिनलाही सोडा, हा नानांचा निष्कर्ष मला पटत नाही. शेजारी आकडा टाकून वीज चोरतो आणि वायरमन त्याला सोडतो, म्हणून आपलं मीटर काढून फेकायचं नसतं. ब्लेअर सुटले याची तक्रार करायची तर ब्लेअरवर खटला मागावा. पुतिन यांना त्यातून सवलत कशी काय मिळते?

‘आपल्याले काय करनं’ असंही ग्रुपवर एकानं लिहिलं. त्याची यावलला केळीची बाग आहे. केळीला पोटॅश लागतं, पोटॅश बाहेरून येतं, आणि त्यातले मोठे पुरवठादार रशिया आणि बेलारूस. २०२२ मध्ये पोत्याचा भाव सतराशेवर गेला होता. बेलारूसवरच्या निर्बंधांनी तो आधीच चढला होता, युद्धानं त्याला खाली उतरू दिलं नाही. मी एवढंच लिहिलं. उत्तरादाखल अंगठा आला.

एक भीती मात्र खरी आहे. आक्रमण कुणाचं, हे ठरवणार कोण? डिसेंबर १९६१ मध्ये आपण गोवा सोडवला तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताला माघार घ्यायला सांगणारा ठराव आला होता. सात मतं ठरावाच्या बाजूनं पडली, सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानं आपण वाचलो. म्हणून आक्रमणाच्या व्याख्येतला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ‘उघड उल्लंघन’ हा निकष मला महत्त्वाचा वाटतो. वादातली प्रकरणं त्यातून बाहेर राहतात.

आणि नानांसारख्या माणसाला आवडावं असं त्या व्याख्येत एक आहे. तिथं आरोपी फक्त तोच, ज्याच्या हाती देशाच्या राजकारणाची किंवा सैन्याची सूत्रं आहेत. सैनिक नाही, कारखान्यातला कामगार नाही. वरणगावला रायफलीची काडतुसं बनतात. नानांची उभी हयात पितळेच्या पुंगळ्या तपासण्यात गेली. ओठाला बारीक चीर दिसली की पुंगळी बाजूला. बोटांना तो पितळेचा वास सुट्टीच्या दिवशीही असायचा. त्यातली गोळी कुठं जाते हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही, आणि कायदाही त्यांना ते विचारत नाही.

परदेशात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. इराक युद्धाला नेदरलँड्सनं नुसता राजकीय पाठिंबा दिला होता. तरी तिथल्या चौकशीसाठी नेमलेल्या डेव्हिड्स समितीनं जानेवारी २०१० मध्ये स्पष्ट लिहिलं, की त्या युद्धाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता. तुरुंगात कुणी गेलं नाही. इराक युद्धावरचा ब्रिटनचा चिलकॉट अहवाल २०१६ मध्ये बारा खंडांत आला, आणि पुढच्याच वर्षी ब्लेअरवर खासगी खटला भरायचा प्रयत्न हायकोर्टानं फेटाळला, कारण आक्रमणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यात नाहीच. पण पंतप्रधानाला कुणी काय सल्ला दिला, हे आज कुणालाही वाचता येतं.

आपल्याकडे १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३पासून सरकारी कुलपात आहे. वरणगावची फॅक्टरी १९६४ची. तिथली पहिली पिढी लागली, रिटायर झाली, अहवाल आतच. काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं इंटरनेटवर टाकला तेवढाच. युद्धाची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांत खुली करायची, असं धोरण संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये जाहीर केलंय. त्या हिशेबानं कारगिलची मुदत २०२४ मध्येच भरली.

युद्धाचा हिशेब संसदेपुढे यायला हवा म्हटलं, की नानांचा आक्षेप तयार असतो. ‘आधी संसदेले विचारत बसलं तं दुश्मन तयारी करीन.’ रास्त आहे. स्वसंरक्षणासाठी परवानगी मागायला संयुक्त राष्ट्रांची सनदही सांगत नाही. मी मागतोय ते नंतरचं: मुदतीत चौकशी, अहवाल संसदेत, आणि सरकारपुढे कोणता कायदेशीर सल्ला होता तो छापलेला. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला गेला. त्यानं देशाचं काही बिघडलं नाही.

‘आन् अहवालात नाव आलं, तं त्याले धरीन कोन?’

इथं नानांनी बरोबर नस पकडली. भारताशी सलोखा असलेल्या देशाविरुद्ध कुणी युद्ध पुकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३नुसार शिक्षा आहे. सूत्रं हाती असलेल्या नेत्यानंच अन्यायाचं युद्ध छेडलं, तर त्याच्यासाठी वेगळं कलम नाही. ते घालायचं झालं तर संसदेत साधं बहुमत पुरतं, हेगला विचारावं लागत नाही.