रोज स्कॅन जुळतं, म्हणून प्लॅन आपोआप बदलत नाही

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांत एक मेसेज फिरतोय: 'नवं मशीन रोज स्कॅन काढून पहिल्या स्कॅनशी जुळवतं. गाठ आकसली, रुग्ण बारीक झाला तरी किरण आपोआप बरोबर जागी पडतात. मध्येच पुन्हा सीटी आणि नवा मास्क म्हणजे पैसे उकळणं.' मी रेडिएशन प्लॅनिंगचं, म्हणजे किरण कुठून आणि किती द्यायचे ते आखायचं काम करते. मास्क म्हणजे उपचारावेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला साचा. हा मेसेज वाचून कुणी दुसरं सीटी नाकारलं, तर भोगावं लागेल रुग्णालाच.

'आपोआप' काय होतं ते आधी बघू. रोजचं मॅचिंग बहुतेक ठिकाणी रिजिड असतं, म्हणजे स्कॅन न ताणता, न वाकवता अख्खं सरकवून जुळवतात. रुग्ण किती मिलिमीटर सरकलाय ते कळतं आणि टेबल तेवढं सरकतं. किरणांचे आकार, दिशा, मात्रा पहिल्या प्लॅनच्याच राहतात. स्क्रीनवर दोन स्कॅन दोन रंगांत एकावर एक दिसतात. मानेचा दुसरा मणका चपखल बसतो, पण खाली खांद्यापाशी रंगांची दुहेरी कड उरते, कारण मान आज जरा वेगळी वाकलीय. खांदे जुळवायला जावं तर कवटीचा तळ सुटतो. टेबल सरकवून वाकलेली मान सरळ होत नाही.

'बारीक झाला तरी चालतं' हे साफ चूक. उपचार सहसा 70 ग्रे (किरणांच्या डोसचं एकक), 35 फ्रॅक्शन म्हणजे हप्ते, सात आठवडे. गिळवत नाही, वजन उतरतं, मास्क आणि गालाच्या मध्ये फट दिसू लागते. टेक्सासच्या एमडी अँडरसनमधल्या 14 रुग्णांच्या अभ्यासात (2004) कानाखालच्या लाळग्रंथी आकसल्या आणि आतल्या बाजूला सरकल्या. सरकण्याचा मध्यक 3.1 मिलिमीटर होता आणि त्याचा संबंध वजन घटण्याशी दिसला. आत म्हणजे बहुधा जास्त डोसकडे. जिचा सरासरी डोस 26 ग्रेच्या आत ठेवायला धडपडलो, तीच ग्रंथी ही.

कुणी म्हणेल, 'सॉफ्टवेअर लवचिक जुळवणीही करतं', म्हणजे स्कॅन ताणून-वाकवून जुळवतं. करतं, आणि ती उपयोगीही आहे. पण गाठीचा जो भाग विरघळला, त्याला आजच्या स्कॅनमध्ये जोडच नाही. सॉफ्टवेअर शेजारचा भाग ताणून तिथे बसवतं आणि चित्र मात्र सुरेख दिसतं. म्हणूनच अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा 2017 चा अहवाल नुसतं डोळ्यांनी पाहून थांबू नका, मोजून तपासा असं सांगतो. गणितात ऊती स्वतःवरच दुमडली गेली नाही ना, हेसुद्धा. रोज नवा प्लॅन करणाऱ्या मशीनवरही आखलेल्या रेषा माणूसच तपासतो. शिवाय गाठ आकसली म्हणून ती जागा सोडता येत नाही, तिथे सूक्ष्म पेशी उरलेल्या असू शकतात.

पैशांची शंका मात्र मी झटकणार नाही. सरसकट सगळ्यांना दर आठवड्याला नवा प्लॅन लागत नाही. फ्रान्समधल्या आर्टिक्स चाचणीत (2023, घशाच्या कॅन्सरचे 132 रुग्ण) दर आठवड्याच्या री-प्लॅनिंगनं लाळ काही सुधारली नाही. त्यामुळे दुसरं सीटी सांगितलं तर कारण जरूर विचारा: मास्क किती सैल झालाय, मज्जारज्जूचा आणि लाळग्रंथीचा डोस किती बदललाय? दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवून दाखवायला सांगा.