'हे कशावरून?' : बारावीच्या इंग्रजीच्या तयारीविषयी एका प्राध्यापकांच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या इंग्रजीच्या तयारीविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण वेळ काढून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आपली आभारी आहे. मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की गाईडमधील तयार उत्तरे पाठ करण्याऐवजी मुलांनी रोज एक अपरिचित उतारा वाचावा, दर आठवड्याला एका कवितेवर स्वतःची चार वाक्ये लिहावीत आणि प्रत्येक वाक्याला 'हे कशावरून?' असे विचारून मूळ ओळीवर बोट ठेवावे, अशी माझी सूचना होती.

आपण नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवता, त्यामुळे आपले आक्षेप अनुभवातून आलेले आहेत. पहिला असा, की परीक्षक मुद्दे पाहून गुण देतात. त्यामुळे ठरीव उत्तर लिहिणाऱ्याला गुण मिळतात आणि स्वतःचे काही लिहिणारा मुलगा नाहक धोका पत्करतो. दुसरा असा, की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत एक वाक्य धड लिहिता येत नसताना त्याच्याकडून काव्याच्या विश्लेषणाची अपेक्षा धरणे ही इंग्रजी शाळांतील मुलांनाच परवडणारी चैन आहे. तिसरा आक्षेप सर्वांत मूलभूत आहे: रसिकता उपजत असते, ती सरावाने येत नाही. शिवाय शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात या वह्या तपासायच्या कोणी, असेही आपण विचारले आहे.

मी तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो खरा ठरला तर बाकीची चर्चाच उरत नाही. रसिकता उपजत असते की घडवता येते, या जुन्या वादात मला पडायचे नाही, कारण परीक्षा रसिकता मोजतच नाही. समोरच्या मजकुरात काय आहे ते मुलाला दिसले का, आणि जे दिसले ते मजकुराचाच आधार देऊन त्याला सांगता आले का, एवढेच ती पाहते. आणि हे दिसणे सरावाने येते.

बारावीच्या युवकभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात सरोजिनी नायडू यांची 'इंडियन वीव्हर्स' ही बारा ओळींची कविता आहे. तिच्यात तीन कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात विणकरांना विचारलेला एक प्रश्न व त्यांनी दिलेले उत्तर आहे. दिवस उजाडताना ते नवजात बाळाचे निळे वस्त्र विणतात, रात्र पडताना राणीच्या लग्नातील जांभळे-हिरवे अवगुंठन विणतात आणि गार चांदण्यात मृताचे पांढरे कफन विणतात. या कवितेच्या अप्रिसिएशनचे, म्हणजे रसग्रहणाचे, ठरीव उत्तर आपल्याला पाठ असेल: राइम स्कीम (यमकांची रचना) ए-ए-बी-बी, अलंकार उपमा, मध्यवर्ती कल्पना जन्म, विवाह आणि मृत्यू हे आयुष्याचे तीन टप्पे. यात चुकीचे काहीही नाही. परंतु हे सगळे कवितेची एकही ओळ न वाचता लिहिता येते, आणि उद्या प्रश्न थोडा फिरवून आला, तर हे उत्तर मुलाच्या काहीही उपयोगी पडत नाही.

नागपुरातल्या पाचपावलीकडच्या एका विद्यार्थिनीने, जिच्या आजोबांच्या घरी हातमाग होता, या कवितेवर काय केले ते सांगते. तिच्या पहिल्या वाक्यात असे होते, की कवयित्रीला विणकरांच्या तुटपुंज्या मजुरीची कळकळ आहे. मी विचारले, हे कशावरून? ती कविता पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि शेवटी तिनेच ते वाक्य खोडले, कारण मजुरीचा उल्लेख कवितेत कुठेही नाही. तो तिच्या घरच्या आठवणीतून आला होता. मात्र त्या शोधात तिला दोन गोष्टी सापडल्या. एक, तिन्ही वेळा विणकर केवळ दुसऱ्याच्या वस्त्राविषयी बोलतात. स्वतःविषयी एक अक्षरही बोलत नाहीत. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक मोलाची आहे: पहिल्या दोन कडव्यांत प्रश्न 'व्हाय' ने सुरू होतो, तिसऱ्यात 'व्हॉट' ने. पहिल्या दोन कडव्यांतील प्रश्नांत विशेषण वस्त्राला लावलेले आहे, कधी आनंदी तर कधी तेजस्वी. तिसऱ्या प्रश्नात मात्र वस्त्राला विशेषणच नाही, गंभीर आणि निश्चल आहेत ते विणकर. म्हणजे आधी विचारणाऱ्याला वस्त्र दिसते आणि तो कारण विचारतो. शेवटी त्याला माणसे दिसतात आणि ते विणत आहेत ते काय, हेही त्याला विचारावे लागते. मृत्यूची छाया कफनाचा उल्लेख येण्याच्या तीन ओळी आधीच कवितेवर पडलेली असते, हे तिने आठ-दहा शब्दांच्या साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिले. ही मुलगी जन्मजात रसिक होती असे मी म्हणणार नाही. तिला एकच गोष्ट करायला लावली होती: शेजारशेजारची कडवी ओळीला ओळ लावून पाहायची आणि काय बदलले ते टिपायचे. ही कृती कोणालाही शिकवता येते.

या मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले होते, त्यामुळे आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे येते. मराठी माध्यमाच्या मुलाविषयी आपण जी काळजी व्यक्त केली आहे ती मलाही वाटते, पण तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. दहावीच्या कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकात हाच मुलगा कवितेचे रसग्रहण लिहून आलेला असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी कविता कशी पाहायची, हे त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत शिकवलेले असते. अकरावीत आल्यावर आपण त्याला असे वागवतो, जणू कविता त्याने पहिल्यांदाच पाहिली आहे, आणि त्याच्या हातात पाठांतराचे पान देतो. त्याची अडचण विचाराची नाही, विचार इंग्रजीत उतरवण्याची आहे, आणि या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत.

म्हणून माझ्या वर्गात कवितेवरचे पहिले बोलणे मराठीतच होते. कोणी वऱ्हाडीत बोलले तरी चालते. काय दिसले, कोणत्या ओळीत दिसले, त्यामुळे काय वाटले, हे आधी तोंडी ठरते. त्यानंतरच इंग्रजी येते आणि तेही मोजक्या क्रियापदांच्या आधारावर. कवी एखादा शब्द पुन्हा वापरतो, दोन गोष्टींची तुलना करतो, प्रश्न विचारतो, यातून अमुक सूचित होते: 'रिपीट्स', 'कम्पेअर्स', 'आस्क्स', 'सजेस्ट्स' एवढ्या चार क्रियापदांवर बारावीचे बरेचसे अप्रिसिएशन उभे राहते. वाक्याचा सांगाडा मी देते, हे खरे आहे. पण सांगाड्यात भरायचा ऐवज मुलाचा असतो. गाईड नेमके उलटे करते, ते ऐवजही देते आणि भाषाही देते, आणि मुलाकडे केवळ हस्ताक्षर उरते.

आता गुणांचा हिशोब. बारावीच्या 80 गुणांच्या लेखी परीक्षेत कवितेच्या अप्रिसिएशनला 4 गुण आहेत, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आपले म्हणणे आहे. परंतु कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, एकदा समोर ठेवून पाहावी. अपरिचित उताऱ्याच्या कृतींना 12 गुण आहेत आणि त्याच उताऱ्याच्या सारांशलेखनाला 3. म्हणजे 15 गुण अशा मजकुरावर आहेत, जो कोणत्याही गाईडमध्ये छापलेला नसतो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावर आणि कवितेच्या उताऱ्यावरही वैयक्तिक मत मागणाऱ्या कृती असतात. 'हे कशावरून?' हा प्रश्न या सर्व ठिकाणी लागू पडतो, कारण आकलन आणि रसग्रहण ही दोन वेगळी कौशल्ये नाहीत. मजकुराकडे परत जाऊन आधार शोधण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे. परीक्षकाविषयी बोलायचे, तर दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीत अप्रिसिएशनच्या 5 गुणांपैकी शीर्षक आणि कवीचे नाव यांना प्रत्येकी अर्धा, राइम स्कीमला 1, अलंकाराला 1 आणि मध्यवर्ती कल्पनेला 2 गुण असतात. मुद्द्यांनुसार तपासणी होते हे आपले निरीक्षण बरोबरच आहे, पण मुद्द्यांमधील सर्वांत मोठा वाटा कवितेच्या आशयाला दिलेला आहे. जो मुलगा राइम स्कीम आणि अलंकार अचूक लिहून आशयही स्वतःच्या आधाराने मांडतो, त्याचा एकही मुद्दा सुटलेला नसतो, मग धोका तो कसला?

उताऱ्याच्या सरावाविषयी मूळ लेखात मी थोडक्यातच लिहिले होते. आपण 'नुसते वाचून काय होणार' असे विचारलेत, म्हणून येथे विस्ताराने लिहिते. नुसते वाचून खरोखरच फारसे काही होत नाही. आमच्याकडे 'द हितवाद' घरोघरी सहज मिळतो. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केलेल्या या दैनिकातील एखादे स्फुट किंवा शहरातील पाण्यावरची, वाहतुकीवरची मोठी बातमी सरावाला उत्तम असते, कारण विषय ओळखीचा असल्यामुळे मुलाचे लक्ष भाषेवर राहते. पहिल्या वाचनात प्रश्न पाहायचेच नाहीत. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात चार-पाच मराठी शब्दांत तो परिच्छेद काय करतो ते लिहायचे: अडचण मांडतो, उदाहरण देतो, विरोधी मत सांगतो, उपाय सुचवतो. परिच्छेद काय सांगतो यापेक्षा तो काय करतो हे विचारले, की मुलाला लेखकाच्या युक्तिवादाची वाट दिसू लागते, आणि याच समासातील टिपा ओळीने इंग्रजीत लिहिल्या की सारांशाचे काम जवळजवळ होऊन जाते.

मुले नेमकी कुठे अडखळतात, हे त्यांची उत्तरे पाहिली की लक्षात येते. 'धिस', 'सच', 'दे' हे शब्द मागे कशाकडे निर्देश करतात, हे न पाहता मुले पुढे जातात. 'गिव्ह रीझन्स' या कृतीत कारण बहुधा त्याच वाक्यात किंवा त्याआधीच्या वाक्यात असते, पण मूल खालच्या ओळी शोधत बसते. खरे-खोटे ओळखण्याच्या कृतीत 'सम' चे 'ऑल' झालेले असते किंवा मध्येच 'ओन्ली' आलेला असतो, आणि उताऱ्यातील बाकीचे शब्द जसेच्या तसे दिसल्यामुळे मूल विधान खरे ठरवते. म्हणून खोटे विधान ओळखले की ते कोणत्या एका शब्दामुळे खोटे झाले त्या शब्दाभोवती गोल करायचा, असा माझा नियम आहे. तीन तासांत 80 गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे होतात, त्या हिशोबाने 12 गुणांच्या उताऱ्याला 27 मिनिटे मिळतात. मात्र घड्याळ लावून सराव मी दिवाळीनंतरच सुरू करते, कारण त्याआधी वेग मागितला की मुले पुन्हा अंदाजाने उत्तरे देऊ लागतात.

हाच सराव बारावीनंतरही कामी येतो. आपल्याच नागपुरातील राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा, तर क्लॅट ही कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेतील इंग्रजीचा भाग साधारण 450 शब्दांच्या उताऱ्यांवर आधारलेला असतो. तिथे पाठांतराला जागाच नाही.

नापास होण्याच्या काठावर असलेल्या मुलाविषयी आपण लिहिले आहे, त्याच्याबाबतीत माझे आपल्याशी भांडण नाही. जानेवारीत त्याच्या हातातील गाईड काढून घ्या, असे मी कोणालाही सांगणार नाही. माझा आग्रह अकरावीच्या जूनपासूनच्या काळाविषयी आहे, जेव्हा वेळ हाताशी असतो.

राहिला वह्या तपासण्याचा प्रश्न. सर्व वह्या शिक्षकाने तपासण्याची गरज नाही. बाकावरच्या दोघांनी वह्यांची अदलाबदल करायची, शेजाऱ्याच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ओळ-क्रमांक लिहायचा आणि जिथे ओळ सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह घालायचे. इंग्रजीच्या चुका या टप्प्यावर पाहायच्याच नाहीत, कारण त्या पाहू लागल्यावर हुशार मुलगा दुसऱ्याचे व्याकरण सुधारत बसतो आणि आधाराचा मुद्दा बाजूला पडतो. शिक्षकाने केवळ प्रश्नचिन्ह पडलेली वाक्ये वर्गात वाचून घ्यायची. शंभर मुलांत ती पंधरा-वीस निघतात आणि अर्ध्या तासिकेत त्यांच्यावर बोलून होते. सुरुवात करायची असेल, तर दीर्घ कथाकाव्य घेऊ नये. बारा ओळींची विणकरांचीच कविता घ्यावी, म्हणजे वाचन, लेखन आणि अदलाबदल एकाच तासिकेत आटोपते. आपण हे एका तुकडीवर करून पाहिलेत, तर कोणत्या वाक्यांपुढे प्रश्नचिन्हे पडली ते मला अवश्य कळवा. पुढच्या लेखासाठी मला त्यांचा फार उपयोग होईल.