प्रत्येक संकल्पाचं एक रेडिओ सिलोन असतं

एक जानेवारीची मुख्य अडचण ही की तो एकतीस डिसेंबरला चिकटून येतो. रात्री साडेबारापर्यंत जागून लोकांना शुभेच्छा द्यायच्या आणि त्याच पहाटे पाचला उठून आयुष्याला वळण लावायचं, हे ज्याने कुणी ठरवलं त्याला झोप नावाची गोष्ट माहीत नसावी.

तर यंदाचे माझे संकल्प. पहाटे पाचला उठून फिरायला जाणं, माळ्यावरची पेटी खाली काढून रोज अर्धा तास रियाज, आणि क्रिकेट बघणं बंद. बंद म्हणजे कमी. कमी म्हणजे फक्त भारताच्या मॅचेस. (आयपीएलमध्ये भारताचेच लोक खेळतात, त्यामुळे ती भारतातच धरायची, हा पोटनियम नंतर घातला.)

उठण्यासाठी मी मोबाईलला गजर लावला आकाशवाणीच्या त्या सुरुवातीच्या धूनचा. म्हटलं लहानपणी हीच ऐकत उठायचो, आता पण उठू. ही धून वॉल्टर कॉफमन नावाच्या एका चेक संगीतकाराने बांधलेली, शिवरंजनी रागाची छाया असलेली, आणि इतकी हळवी की ती ऐकून माणूस अंथरुणातून उठत नाही, अंथरुणातच भावुक होतो. आणि लहानपणी मी त्या धूनने उठायचो हे पण अर्धसत्यच, उठायचे ते वडील, मी गोधडीतून ऐकायचो. त्यामुळे ती वाजली की माझ्या शरीराला बरोब्बर कळतं की आता गोधडी कानावर ओढून घ्यायची वेळ झाली.

बायको म्हणाली, "अहो, तो गजर आहे की अंगाई?"

आता रेडिओचा विषय निघालाच आहे तर सांगतो, संकल्पांच्या बाबतीत सरकार पण आपल्यासारखंच असतं. बा. वि. केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले. स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेले, त्यांना वाटलं लोकांच्या कानाला चांगली सवय लावावी, म्हणून आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आधी कमी आणि मग जवळजवळ बंदच झाली. हेतू उत्तम हो, माझ्या पहाटे पाचच्या हेतूइतकाच उत्तम. पण लोकांनी काय केलं? सरळ काटा फिरवला आणि श्रीलंकेहून लागणारं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला, म्हणजे सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली आणि अख्खा देश बुधवारी संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या खरखरीत कान घालून बसायला लागला. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने स्वतःच विविध भारती काढली, तीत सिनेमाची गाणी. म्हणजे पाच वर्षं टिकला तो संकल्प, आणि मागे आख्खं मंत्रालय असताना. माझ्यामागे तर कुणीच नाही, बायको आहे पण ती विरोधी पक्षात.

तेव्हापासून माझं मत आहे की संकल्प मोडायला आळस लागत नाही, शेजारच्या स्टेशनवर दुसरं काहीतरी छान लागलेलं असलं की पुरे. माझ्या पहाटेच्या फिरण्याचं सिलोन कुठलं? तर ऑस्ट्रेलिया. जानेवारीत आपली टीम तिकडे असली की सिडनीची टेस्ट आपल्या घड्याळात पहाटे पाचला सुरू होते. बरोब्बर पाचला! म्हणजे त्या दिवसात मला गजर लागत नाही, धून लागत नाही, मी चार पंचावन्नला टुणकन उठतो, तोंड धुतो आणि बूट घालून सोफ्यावर बसतो. बूट यासाठी की लंचला फिरायला जाता येईल. लंचला मग पिच रिपोर्ट आणि एक्सपर्ट लोक असतात, ते सोडून कसं जाणार. पण उठण्याचा संकल्प पाळला ना, तो तर पाळला. क्रिकेटचा मोडला, पण दोन्ही एकाच वेळी पाळणं भूगोलामुळेच शक्य नाही, त्यात माझा काय दोष.

खरा संकल्प बघायचा तर 2004 सालची सिडनी टेस्ट. दोन जानेवारीला सुरू झाली होती, मुहूर्त पण संकल्पाचाच. सचिन त्या सिरीजमध्ये ऑफस्टंपच्या बाहेर ड्राइव्ह मारायला जाऊन आऊट होत होता, म्हणून त्याने ठरवलं, कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. बास. आणि मग तो माणूस दहा तासांच्या वर बॅटिंग करत राहिला, 436 बॉल, नाबाद 241, आणि ऑस्ट्रेलियाचे बोलर बाहेर बॉल टाकून टाकून दमले, हा आपला शांतपणे सोडतोय आणि बॉल जरा आत आला की लेगला ढकलतोय. मी टीव्हीसमोर बसून म्हणत होतो की अरे एक तर मार, बघायला तरी मिळेल. म्हणजे दुसऱ्याचा संकल्प मोडायला पण मी इतका उत्सुक असतो. आणि लक्षात घ्या, त्याने काही नवीन सुरू नव्हतं केलं, एक गोष्ट सोडली होती, ती पण स्वतःला सगळ्यात सुंदर जमणारी. मी जे सोडायला काढतो ते मला नीट जमत पण नसतं.

पेटीचं राहिलं. ती खाली काढली, पुसली, भाता ओढला तर आधी फक्त धाप लागल्याचा आवाज आला, पेटीला की मला ते कळेना. मग काळी चारचा सा धरून पलटे, म्हणजे सुरांचे सरावाचे नमुने, सुरू केले. मुलगी आतून येऊन म्हणाली, "बाबा, शिकताय की रिपेअर करताय?" मी तिला सांगितलं की बाई गं, या वाद्याने फार सोसलंय, आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती, कारण काय तर हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि श्रुती, म्हणजे सुरांमधल्या बारीक जागा, नीट लागत नाहीत, आणि ती बंदी सैल व्हायला तीसेक वर्षं गेली, 1971 उजाडलं. मला वाटलं ती वाईट वाटून घेईल. ती म्हणाली, "मग परत घालता येईल ना?"

सध्या तोडगा असा काढलाय की मॅच लागली की टीव्ही म्यूट करायचा आणि समोर पेटी घेऊन बसायचं, म्हणजे कॉमेंट्री बंद, पलटे सुरू, दोन कामं एकदम. नियम एकच, विकेट पडली की रियाज थांबवायचा, कारण रिप्ले आवाजासकट बघावा लागतो. परवा आपले ओपनर चांगले लंचपर्यंत टिकले, त्यामुळे माझा यमन एवढा रंगला की मीच खूश झालो. मधेच आतल्या खोलीत डोकावलो तर बायको मोबाईलवर स्कोअर बघत होती. जिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही ती! मी म्हटलं, काय गं, आवड लागली की काय.

तर म्हणाली, "एक पण विकेट पडत नाहीये हो कधीची. त्यांच्याकडे बरा बोलर नाही का कोणी?"