ती छिद्रं पावसासाठी नाहीत

बडोद्याला दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या गच्चीवरच्या सोलरचा अर्ज मागे घ्यायला निघाली आहे. कारण, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘नवी सच्छिद्र प्लास्टिक फिल्म आली. उन्हाची 80 टक्के वीज करते, रात्रीही चालते, छिद्रांत पावसाचं पाणी मुरून थंड राहते. जुनी पॅनेल भंगारात जाणार. 5,000 रुपये आगाऊ भरून नंबर लावा.’ दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला.

पावसाचा मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. छिद्रं असतात, ते खरं. अशा फिल्ममधल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात काही नॅनोमीटरची छिद्रं मुद्दाम ठेवतात. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. सेंद्रिय पदार्थावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन लगेच सुटा होत नाही, त्याची ‘होल’बरोबर, म्हणजे त्याच्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेबरोबर, जोडी बनते. ही जोडी जेमतेम 10 नॅनोमीटर सरकते आणि विरून जाते. तेवढ्यात दोन पदार्थांची सीमा गाठली तरच ती फुटते आणि वीज मिळते. म्हणून छिद्रांत पॉलिमर, म्हणजे हाच प्लास्टिकसारखा सेंद्रिय पदार्थ, भरायचा; मग सीमा कुठूनही अगदी जवळ राहते. पॉलिमरच्या लांब साखळ्या त्यात नीट शिरत नाहीत, हेच तर संशोधकांचं जुनं दुखणं. तिथे पाणी मुरवायचं? ओलावा आणि ऑक्सिजन हे या थराचे वैरी आहेत. म्हणून तर असे सेल हवाबंद आवरणात ठेवावे लागतात.

80 टक्के? शॉकली आणि क्वायसर या शास्त्रज्ञांनी 1961 मध्येच दाखवून दिलं की एका जंक्शनच्या, म्हणजे वीज सुटी करणारी एकच सीमा असलेल्या, सेलला कमाल मर्यादा असते; साध्या उन्हात ती 33 टक्क्यांच्या आसपास आहे. सेंद्रिय सेल प्रयोगशाळेत 20 टक्क्यांच्या घरात पोचलेत, तेही नखाएवढ्या तुकड्यावर. एका ठरावीक रंगाच्या 100 फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशकणांमागे, किती इलेक्ट्रॉन मिळाले, हेही टक्क्यांतच सांगतात आणि तिथे 80 येऊ शकतात. पण ती घरात येणारी वीज नव्हे.

रात्रीचं म्हणाल तर ट्यूबलाइटखाली हे सेल खरंच बरे चालतात, एवढं मान्य. पण खोलीतला उजेड भर दुपारच्या उन्हाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. त्यावर छोटा सेन्सर चालेल, पंखा नाही. फिल्म हलकी असते, वाकते, तेही खरं.

भंगाराचं मात्र धादांत खोटं. सिलिकॉनची पॅनेल 25 वर्षांच्या हमीने मिळतात आणि सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. 5,000 भरून हे सोडायचं?

आत्या, अर्ज मागे घेऊ नकोस. पैसे मागणाऱ्या त्या माणसाकडे आयईसी 61215 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीचा अहवाल माग. त्यात पॅनेल 85 अंश उष्णतेत, 85 टक्के आर्द्रतेत 1,000 तास ठेवतात. फिल्मचं मॉडेल त्या अहवालात लिहिलेलं दिसेपर्यंत एक रुपया देऊ नकोस, आणि मंडळातल्या ज्यांनी पैसे भरलेत त्यांना आजच परत मागायला सांग.