‘त्या दिवशी पोरांना घरी ठेवा’ या मेसेजला वर्गातून उत्तर

जंतनाशक दिन जवळ आला की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपांवरून आला, शेवटी हात जोडलेल्या इमोजींसकट. मजकूर थोडक्यात असा: शाळेत येणारं आरोग्य खात्याचं पथक दोन मिनिटांत वजन-उंची लिहून निघून जातं, सगळं नाटक आहे. जंताची गोळी न तपासता सरसकट देतात. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तरी आयर्नची निळी गोळी वाटतात, ती घातक आहे. मुलांची तब्येत आईवडील बघतील, शाळेनं शिकवावं. म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवा.

मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. गोळ्या वाटायचं काम माझ्याच गळ्यात असतं, तेव्हा माझी बाजू कोणती हे आधीच सांगून टाकते.

आधी ‘न तपासता’चं बघू, कारण सगळ्यात जास्त घाबरवतं तेच. गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅमची. दोन वर्षांच्या वरच्या मुलाला अख्खी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. २०१५ पासून देशभर हा दिवस पाळतात, साधारण १० फेब्रुवारीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. तारीख कधी मागेपुढे होते. प्रत्येक मुलाची शौचाची तपासणी का करत नाहीत? कारण ती तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते आणि एका नमुन्यात जंत सापडले नाहीत म्हणजे पोटात नाहीतच असं होत नाही. उलट जंत नसलेल्या मुलानं गोळी खाल्ली तर त्याचं काही बिघडत नाही. जिथे २० टक्के किंवा जास्त मुलांत जंत आढळतात तिथे सरसकट गोळी द्या, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा पोटात जंत जास्त असलेल्या मुलालाच होते. त्या दिवशी ताप असलेल्या, आजारी मुलाला आम्ही गोळी देत नाही. त्याच्यासाठी काही दिवसांनी मॉप-अपचा, म्हणजे राहिलेल्या मुलांचा, दिवस असतो.

‘आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आमच्या घरी जंत कुठून?’ असं एका आईनं मला विचारलं. अहो ताई, मधल्या सुट्टीत मातीत कबड्डी खेळून हात न धुता डबा उघडणारं लेकरू कोणत्या मजल्यावर राहतं ते जंताला कळत नाही.

एक मात्र मान्य करते. गोळीनं मुलं भराभर वाढतात, हुशार होतात असं पोस्टरवर लिहिलेलं असतं, तेवढं मी वर्गात म्हणत नाही. सरसकट गोळी देऊन वजन आणि अभ्यास किती सुधारतो, यावर संशोधकांतच वाद आहे. जंत पडतात, यावर नाही. आणि संडास-साबणाची सोय नसेल तर ते पुन्हा होतात, म्हणून तर वर्षातून दोनदा.

आता दोन मिनिटांचं नाटक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. पथकात आयुषचे दोन डॉक्टर, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, शिवाय एक नर्स आणि एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा येतात. दोन मिनिटांत निदान होत नाही, अगदी खरं. ते निदान करायला येतच नाहीत, चाळणी लावायला येतात. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायचं, स्टेथो लावायचा, दात बघायचे, तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, पाठीवर फिकट चट्टा दिसला तर तिथे स्पर्श कळतो का ते तपासायचं. न दुखणारा, बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोगाची शंका, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोणी मुलाला दवाखान्यात नेत नाही. आपण आजारी पडलेलं पोर डॉक्टरकडे नेतो. पथक वर्गातली सगळी पोरं बघतं, धडधाकट दिसणारीसुद्धा. फरक तेवढाच आहे, पण मोठा आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा कायम शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहायचा. मी त्याला वर्षभर ‘कॉपी करतो’ म्हणून रागावत होते. पथकातल्या मॅडमनी त्याला तक्त्यापुढे उभं केलं तर वरच्या दोन ओळींच्या खाली त्याला काही दिसेना. लाजले मी. त्याच्या घरच्यांना माहीत नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही नाही. सगळ्यांना फळा असाच धूसर दिसतो असं त्याला वाटत होतं.

सिकलसेलचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण पूर्ण मेसेजमध्ये थोडं खरं आहे ते इथेच. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपुरातून १९५८ मध्येच झाली होती. दोन्ही पालकांकडून दोषी जनुक आलं तर मूल रुग्ण, एकाकडूनच आलं तर वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, आणि त्यानं निळी गोळी घ्यायला इतरांसारखीच हरकत नाही. रुग्णाचं गणित वेगळं. त्याच्या रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातलं लोह शरीरातच राहतं. वरचेवर रक्त चढवावं लागत असेल तर लोह साचत जातं. अशा मुलाला डॉक्टरला विचारल्याशिवाय आयर्न द्यायचं नाही. फॉलिक अॅसिड मात्र त्याला लागतंच.

मग यातून काय निघतं? कोणतं मूल रुग्ण आणि कोणतं वाहक हे माहीत पाहिजे. ते कळतं बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या सोल्युबिलिटी चाचणीनं, आणि त्यात शंका आली तर पुढच्या पक्क्या तपासणीनं. ही तपासणी आरोग्य खातंच करतं. २०२३ पासून तर त्यासाठी देशपातळीवर मोहीम आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांसाठी. मेसेज म्हणतो पथकापासून मुलाला लपवा. अरे, मग कळणार कसं?

निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, आठवड्यातून एकदाच, जेवणानंतर. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. शौचाला काळी होते, त्याला घाबरायचं नाही. वयात आलेल्या मुलींसाठी मी या गोळीचा फार आग्रह धरते, कारण सातवीतल्या कितीतरी जणी प्रार्थनेला उभ्या असताना चक्कर येऊन खाली बसतात.

सिकलसेल असलेल्या मुलाबद्दल शाळेनं काय करायचं, हेही मला आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणातच कळलं. पाणी कमी पडलं, फार दमलं किंवा गारठलं की त्याला असह्य वेदना होतात. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. म्हणून माझ्या तासाला पाण्याची बाटली बेंचवर चालते, आणि ते पोर पीटीला बसून राहिलं तर त्याला कोणी आळशी म्हणायचं नाही.

‘आईवडील बघतील, शाळेनं शिकवावं’ हे ऐकायला छान वाटतं. पण शाळेच्या वळणावरच्या पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आईवडिलांना दिसतो का? २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच नाही. बाल न्याय कायद्यात २०१५ पासून मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. दंतवैद्यांनी आम्हाला एक साधी युक्ती शिकवली: तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. मी वर्गात खेळासारखं करून घेतलं. आठवीतल्या एकाची दोनच बोटं गेली. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. त्याला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या दंत महाविद्यालयात पाठवलं. त्याचे बाबा मला म्हणाले, “मॅडम, पोट्टा खर्रा खाते हे आमाले मालूमच नव्हतं.”

कूलरचंही तसंच, आपल्याला दिसत नाही ते बाहेरून आलेल्या माणसांनाच दिसतं. पावसाळ्यात मनपाची माणसं स्टाफरूमच्या कूलरमध्ये टॉर्च मारून अळ्या शोधतात तेव्हा आम्हीच हसतो. डेंग्यूच्या डासाचं अंडं ते डास हे आठवडा-दहा दिवसांचं काम. टाकी रिकामी करून घासली नाही तर सुकलेली अंडी पुढच्या पाण्याची वाट बघत चिकटून राहतात.

आता मला खरंच तक्रार करायची असती तर मी कशाची केली असती? दोन गोष्टींची. एक, विनाअनुदानित खासगी शाळांत हे वार्षिक पथक जातच नाही, जंताची गोळी तेवढी पोहोचते. दुसरी म्हणजे चिठ्ठी. पथकाला काही सापडलं की ते पुढच्या दवाखान्यासाठी संदर्भ चिठ्ठी देतात. उपचार फुकट असतात, हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा. पण चिठ्ठी मुलाच्या हातात जाते, आणि मूल ते मूल. तक्त्यापुढे अडखळलेल्या माझ्या वर्गातल्या त्या मुलाची चिठ्ठी मला जूनच्या शेवटी शाळा उघडल्यावर त्याच्याच कंपासपेटीत सापडली, कर्कटकानं भोकं पाडलेली. मध्ये अख्खी परीक्षा गेली होती. पथकानं पुन्हा विचारलं नाही, शाळेनं विचारलं नाही, मीही नाही.

त्या दिवसापासून मी चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढते आणि त्याच पालकांच्या ग्रुपवर नाही, थेट आईच्या नंबरवर पाठवते. मग आठ दिवसांनी फोन: “ताई, गेल्या होत्या का?”